सांगली-मिरजेचा व्यवसाय गुगलवर वर आणायचा तर: मजकूर आणि लिंकचं काम, टप्प्याटप्प्यानं

मागच्या हंगामात एका बेदाणा व्यापाऱ्यांनी मला त्यांचा मोबाइल दाखवला. गुगलवर त्यांनी स्वतःच्या दुकानाचं नाव टाकलं होतं आणि त्यांची वेबसाइट पहिल्या नंबरला होती. "आपण तर वरच आहोत. मग ऑर्डरी का येईनात?" असा त्यांचा प्रश्न. मी त्यांच्याच फोनवर इनकॉग्निटो, म्हणजे आपले जुने शोध न बघणारी, विंडो उघडली आणि 'हिरवा बेदाणा किलोचा भाव' असं टाकलं. खाली खाली जात राहिलो. दुकानाचं नाव कुठंच आलं नाही.

ज्याला तुमचं नाव माहीत आहे तो तुमच्यापर्यंत पोचणारच. नाव माहीत नसलेला पुण्याचा बेकरीवाला, दिवाळीचे बॉक्स भरणारा ठाण्याचा दुकानदार, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा केटरर, यांना तुम्ही सापडता का, हे बघायचं असतं. आणि बघताना आपल्या नेहमीच्या खात्यातून बघू नये, कारण आपण रोज उघडतो ती वेबसाइट गुगल आपल्याला वर दाखवू शकतं.

सांगलीच्या विश्रामबागेत बसून मी अशाच लहान व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळतो. हळदवाले, बेदाणेवाले, मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, दोन-चार दवाखाने. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. आपल्याकडच्या माणसाला मालाची जी माहिती हाताखालून मिळालेली असते, ती मोठ्या ऑनलाइन दुकानांकडं नसते. तीच नीट लिहून काढली की मजकूरही चांगला होतो आणि दुसऱ्यांना तुमची लिंक द्यावीशीही वाटते. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी बघा, गुगलला तुमची पानं दिसतात का

शोधचौकटीत इंग्रजी अक्षरांत 'साइट' लिहा, त्याला लागून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. गुगलनं नोंदवलेली तुमची पानं समोर येतील. वेबसाइट वीस पानांची आणि दिसतात दोनच, असं असेल तर कुठंतरी अडलंय.

ही झाली ढोबळ तपासणी. पक्की तपासणी गुगल सर्च कन्सोलमध्ये होते आणि ते फुकट आहे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, जिथून घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये गुगलनं दिलेली एक ओळ चिकटवली की मालकी सिद्ध होते. मग साइटमॅपचा, म्हणजे सगळ्या पानांची यादी असलेल्या फाइलचा, पत्ता तिथं द्यायचा. त्यानंतर कुठलंही पान घेऊन 'यूआरएल तपासणी' केली की ते नोंदलं गेलंय का, नसेल तर का नाही, हे कारणासकट कळतं. एक गोष्ट आवर्जून सांगतो: हे खातं मालकानं स्वतःच्या ई-मेलवर काढावं. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर असलं आणि तो उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तर सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते.

आपल्या भागातल्या वेबसाइटवर मला तीन अडचणी वारंवार दिसतात.

पहिली वर्डप्रेसची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची. वेबसाइट तयार होत असताना 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग'मध्ये एका चौकोनात टिक करून ठेवतात, म्हणजे सर्च इंजिनांनी ती नोंदवू नये. काम संपलं की टिक काढायची राहून जाते. एका दवाखान्याची वेबसाइट अशीच आठ महिने अंधारात होती. टिक काढली आणि पानं दिसायला लागली.

दुसरी फक्त आपल्यालाच, मराठी लिहिणाऱ्यांना, नडते. मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारी अक्षरपद्धती, नसतं. तपासायची सोपी रीत अशी: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. तिथं मराठी उमटली तर ठीक. भलतीच चिन्हं आली तर गुगललाही तीच दिसतात. मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्यावाचून इलाज नाही.

तिसरी, सगळी माहिती फोटोत. भावफलक, मालाची यादी, पत्ता, सगळं एका रंगीत बॅनरमध्ये. चित्रातल्या अक्षरांवर गुगलनं भरवसा ठेवावा अशी अपेक्षा करू नका. जे शोधात यायला हवं ते पानावर टाइप केलेलं असलं पाहिजे.

गिऱ्हाईक कुठले शब्द टाकतं, ते गोळा करा

यासाठी महागडी साधनं घ्यायची घाई करू नका. गल्ल्याजवळ एक वही ठेवा. पंधरा दिवस फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काउंटरवर जे प्रश्न येतील ते जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहू नका. बेदाणेवाल्यांच्या वहीत पंधरा दिवसांत जे जमलं त्यातलं काही असं होतं: "हिरवा आणि पिवळा यात खायला चांगला कुठला?", "गंधकाची धुरी दिलाय काय?", "फ्रिजमध्ये ठेवायचा का बाहेर?", "दहा किलोची पेटी कुरिअरनं येईल का?", "मनुका पाहिजेत, बेदाणा नको."

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. सांगलीत आपण बेदाणा म्हणतो. बाहेर कोणी मनुका म्हणतं, कोणी किशमिश. काहीजण काळ्या, बियांच्या मालालाच मनुका म्हणतात. तुमच्या पानावर फक्त 'बेदाणा' असेल, तर किशमिश शोधणाऱ्यापर्यंत तुम्ही कसे पोचणार? म्हणून 'बेदाणा, मनुका आणि किशमिश यांत फरक काय' असं एक पान हवंच. शिवाय पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात. त्यांच्यासाठी वेगळं पान नको, गुगल बऱ्याच वेळा दोन्ही जुळवून घेतं. मात्र पानाचा पत्ता रोमन अक्षरांत छोटा ठेवावा असं मी सांगतो. देवनागरी पत्ता गुगल वाचतं, पण तो कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि माणूस क्लिक करायला बिचकतो.

वही भरल्यावर एकेक प्रश्न गुगलमध्ये टाका. टाइप करताना खाली सुचणाऱ्या ओळी आणि निकालांच्या मध्ये येणारे 'लोक हेही विचारतात'मधले प्रश्न वहीत उतरवा. आणि निकालात कोण येतंय ते बघा, कारण शोधणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्यावरून कळतं.

हळदीचं उदाहरण घ्या. 'सांगली हळद दर' हे शोधणारे लोक भरपूर, म्हणून एका हळद पावडर विकणाऱ्यांना त्यावर वर यायचं होतं. निकाल उघडून दाखवले: सगळे बाजार समितीचे भाव. शोधणारा शेतकरी आहे किंवा अडत्या. त्याला आजच्या सौद्यात राजापुरी हळद काय भावानं गेली ते पाहिजे. तो तुमची दोनशे ग्रॅमची पुडी घेणार नाही. त्यापेक्षा 'घरी हळकुंडं दळून आणायची तर कुठली घ्यावी' हे शोधणारे थोडे असतील, पण ते तुमचे आहेत. आकड्याच्या मागं लागून चुकीच्या गिऱ्हाइकाला दारात आणू नका.

एका विषयाचे सारखे प्रश्न एकाच पानावर घ्या. 'तासगावमध्ये बेदाणा', 'विट्यात बेदाणा', 'जतमध्ये बेदाणा' अशी गावाचं नाव बदलून केलेली दहा पानं गुगलच्या नियमांत बसत नाहीत. त्यांना डोअरवे पानं म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोडतात.

पान लिहिणं: एक परिच्छेद जवळून

त्या बेदाण्याच्या वेबसाइटवर आधी हे होतं:

"आमच्याकडे उत्तम दर्जाचा, स्वादिष्ट व आरोग्यदायी बेदाणा योग्य दरात मिळेल. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय."

यातला बेदाणा काढून काजू घाला, काही बिघडत नाही. म्हणजे या वाक्यांत बेदाण्याबद्दल काहीच नाही. आम्ही दोन तास बसलो. ते बोलत होते, मी लिहीत होतो. नंतर पानावर हे आलं:

"आमचा हिरवा बेदाणा तासगाव तालुक्यातल्या द्राक्षांचा आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घड उतरवले की डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. सावलीत, वाऱ्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. चार किलोच्या आसपास द्राक्षं तेव्हा एक किलो बेदाणा. भाव कशाचा, ते यावरून लक्षात येईल. ऊन लागलं की रंग तपकिरी पडतो. हिरवा रंग टिकवायचा तर घरीही डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवला तर काही महिन्यांत काळपट होईल, पण तेवढ्यावरून तो खराब झाला असं नाही. आंबूस वास आला किंवा चिकट पाणी सुटलं तर मात्र वापरू नका."

या परिच्छेदात वहीतल्या फ्रिजच्या प्रश्नाचं उत्तर आलं. एकही शब्द जबरदस्तीनं कोंबलेला नाही, तरी 'हिरवा बेदाणा', 'तासगाव', 'द्राक्षं', 'भाव', 'फ्रिज' हे शब्द आपोआप जागेवर बसले. आणि हे लिहायला शेडवर उभं राहिलेला माणूस लागतो.

गुगलच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठीच्या सूचनांत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या तीन कसोट्या आधीपासून होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात 'अनुभव' ही चौथी आली. या कसोट्यांचे थेट गुण मिळत नाहीत, त्या दिशा दाखवतात. पण दिशा आपल्या सोयीची आहे. म्हणून पानावर लिहिणाऱ्याचं नाव घाला, तो या धंद्यात किती वर्षं आहे ते सांगा, शेडचे स्वतः काढलेले फोटो लावा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत वाटीचा फोटो नको.

किती शब्दांचं पान हवं, हे मला प्रत्येकजण विचारतो. गुगलनं असा कुठलाही आकडा ठरवलेला नाही. 'पेटी कुरिअरनं येईल का' याला शंभर शब्द पुरतात. 'हिरवा, पिवळा आणि काळा यातला फरक' याला हजारही लागतील. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या, मग तपशिलात शिरा.

एआयबद्दलही सांगतो, कारण आता सगळे त्याच्याकडूनच लिहून घेतात. एआयनं लिहिलं एवढ्यावरून गुगल पान नाकारत नाही. पण मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या स्पॅम धोरणात, केवळ क्रमवारी मिळवण्यासाठी ढिगानं मजकूर पाडणं हा गैरप्रकार ठरवलाय, मग तो माणसानं पाडलेला असो की यंत्रानं. त्याआधी गुगलच्या गणितातल्या २०११ च्या 'पांडा' नावाच्या बदलातही पातळ, कॉपी केलेला मजकूर खाली गेला होता. व्याकरण तपासायला, इंग्रजी पानाचा कच्चा मसुदा करायला एआय वापरा. पण शेडमध्ये वारा कुठून येतो ते त्याला माहीत नाही. इंग्रजी पान करायचंच असेल तर ते वेगळ्या पत्त्यावर करा आणि माणसाच्या नजरेखालून घाला. एकाच पानावर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी नको.

एक खबरदारी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याची माहिती पानावर जरूर द्या, लोक ती शोधतात. पण मानांकनाचं चिन्ह स्वतःच्या पाकिटावर किंवा पानावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती केली नसेल तर दावा करू नका.

शीर्षक आणि फोटो

प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक हवं. 'मुख्यपृष्ठ' किंवा नुसतं दुकानाचं नाव याचा उपयोग नाही. 'हिरवा बेदाणा: भाव, प्रकार आणि साठवण, सांगली' हे चालेल. महत्त्वाचे शब्द आधी, कारण मोबाइलवर लांब शीर्षक शेवटी कापलं जातं. शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनानं क्रम बदलत नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून मनापासून लिहा. कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये शंभर शब्द भरून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय.

फोटोच्या फाइलला नाव द्या आणि पर्यायी मजकुरात फोटोत काय आहे ते साध्या शब्दांत लिहा: 'शेडमधल्या जाळीवर सुकणारा बेदाणा'. दृष्टी नसलेल्या वाचकालाही तो मजकूर ऐकू येतो, हे त्याचं मूळ काम.

आपलीच पानं एकमेकांना जोडा

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. साठवणीच्या पानावर बेदाण्याच्या प्रकारांचा उल्लेख आला की तिथंच त्या पानाची लिंक द्या. लिंकचे शब्द 'इथे क्लिक करा' असे नकोत. 'हिरवा आणि पिवळा बेदाणा यातला फरक' असे हवेत, म्हणजे पुढं काय आहे ते वाचणाऱ्यालाही कळतं आणि गुगललाही. ज्या पानाकडं वेबसाइटवरून एकही वाट जात नाही, ते गुगलला सापडणंही मुश्कील. सगळ्या पानांची यादी करून बघा, असं एखादं एकटं पडलेलं पान निघतंच.

नवी वेबसाइट करून घेताना जुने पत्ते मरू देऊ नका. जुन्या पानाचा पत्ता नव्या पानाकडं ३०१ प्रकारच्या रिडायरेक्टनं, म्हणजे कायमचा, वळवा. कित्येक वर्षांत मिळालेल्या बाहेरच्या लिंक जुन्या पत्त्यावर असतात. ते पत्ते बंद पडले की ती सगळी पुण्याई जाते. वेबसाइट बनवणाऱ्याबरोबर व्यवहार ठरतानाच ही अट लेखी घाला.

बाहेरच्या लिंक

आता मोठं काम. गुगलचा जन्मच लिंकवर झालाय. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी पेजरँकची कल्पना मांडली: एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे ती शिफारस, आणि ज्याची स्वतःची पत मोठी त्याच्या शिफारशीला वजन जास्त. १९९८ मध्ये कंपनी उभी राहिली. आपल्याला हे वेगळं शिकायला नको. सौद्यात नवख्या शेतकऱ्याच्या मालाबद्दल जुना, विश्वासाचा अडत्या दोन शब्द बोलला की लोक पोत्यात हात घालून बघतात. रस्त्यावरच्या पन्नास अनोळखी माणसांनी ओरडून सांगितलं तर कोणी वळूनही बघत नाही. आज गुगल इतर पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही.

यातच लोक फसतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं एका एजन्सीकडून महिन्याला पाचशे लिंकचं पॅकेज घेतलं. लिंक आल्या. परदेशी जुगाराच्या, औषधांच्या, बंद पडलेल्या ब्लॉगच्या वेबसाइटवरून, हळदीशी काडीचा संबंध नसलेल्या. क्रमवारी जागची हलली नाही. चार महिन्यांचे पैसे गेले, आणि ते पैसे त्यांनी हंगामाच्या तोंडावर बाजूला काढले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

एप्रिल २०१२ मध्ये गुगलनं 'पेंग्विन' हे नवं गणित आणलं ते अशाच लिंकसाठी. २०१६ पासून ते मुख्य गणिताचाच भाग आहे आणि खोट्या लिंक बहुतेक वेळा सरळ मोजल्याच जात नाहीत. प्रकरण वाढलं तर गुगलकडून मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे माणसानं तपासून केलेली कारवाई, होते. ती सर्च कन्सोलमध्ये दिसते आणि पानं शोधातून खाली जातात किंवा निघूनही जातात. लिंक नाकारायची सोयही आहे, पण ती मॅन्युअल अ‍ॅक्शन आली असेल किंवा येण्याची धास्ती असेल तरच वापरा. उगाच वापरली तर चांगल्या लिंकवर पाणी पडतं. जाहिरातीसाठी पैसे देऊन लिंक घेणं हा गुन्हा नाही, पण तिला वेबसाइटच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण हवी. तिनं क्रमवारी वाढेल ही अपेक्षा सोडा.

मग खऱ्या लिंक कशा मिळतात? मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिराचं सांगतो. त्यांची वेबसाइट म्हणजे सतार-तानपुऱ्यांचे फोटो आणि फोन नंबर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या भरपूर आल्या, पण वाचून शोधणाऱ्याला यांच्या पानावर थांबावं असं काही नव्हतं. आम्ही वहीपासून सुरुवात केली. गाणं शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील, परदेशातले विद्यार्थी काय विचारतात? "काळी एक पट्टीत गाते, तर तानपुरा केवढा घ्यायचा?" "झंकार कमी झालाय, तारा बदलू की जवारी काढून घेऊ?" "विमानातून नेताना भोपळा फुटेल का?"

या तिन्हींवर तीन पानं लिहिली. जवारी म्हणजे तार जिच्यावरून जाते त्या घोडीला आकार देऊन झंकार जुळवणं; त्या पानासाठी मी दुपारभर कारखान्यात बसलो. घोडीचा पृष्ठभाग कानसून, तार लावून, ऐकून, पुन्हा कानसून, आणि शेवटी तारेखाली सुताचा दोरा किंचित पुढं-मागं सरकवून झंकार उघडतो, हे सगळं जवळून टिपलेल्या फोटोंसह लिहिलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी जवारी काढायची गरज नसते आणि नुसता दोरा सरकवून भागतं, तेही लिहिलं. यात कारागिराचं एक काम जातं, पण वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग ज्यांच्या विद्यार्थ्यांना हे उपयोगी पडेल अशा संगीत विद्यालयांची आणि संगीतावर लिहिणाऱ्यांची यादी केली. मोजकी. प्रत्येकाचं पान आधी वाचलं आणि वेगळं पत्र लिहिलं. त्यातलं एक असं होतं:

"नमस्कार. तानपुरा कसा जुळवावा, यावरचं तुमचं पान वाचलं. आमच्याकडं येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही ते सांगतो. त्यात जवारी बिघडल्याची लक्षणं आलेली नाहीत. आम्ही मिरजेत तानपुरे करतो. जवारी केव्हा काढावी आणि केव्हा नुसता दोरा सरकवून चालेल, हे फोटोंसह लिहिलं आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना उपयोगी वाटलं तर तिथं त्याचा उल्लेख करावा. आमच्या लिखाणात काही चुकलं असेल तर तेही कळवावं."

पैशाचा विषय नाही, 'तुम्ही आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला देतो' नाही. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांच्या लिंक मात्र टिकल्या, आणि त्यावरून आलेली माणसं खरोखर तानपुरा घेणारी होती. अशा थोड्या लिंकही पुरतात.

लिंक मागायची आणखी काही सरळ ठिकाणं आहेत. तुम्ही ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात तिची सभासद यादी. तुमचा माल विकणारी बाहेरगावची दुकानं. त्यांच्या वेबसाइटवर उत्पादकाचं नाव असतं, तिथं लिंक घालायला सांगा. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून माल घेता ती. तुमच्या कारखान्याला भेट देणारं महाविद्यालय, त्यांनी भेटीचा वृत्तांत टाकला असेल तर. वृत्तपत्रानं तुमच्यावर लिहिलं आणि लिंक दिली नाही, तर बातमीदाराला नम्रपणे एक मेल करा. फेसबुक, इन्स्टाग्रामवरच्या लिंकनं क्रमवारी थेट वाढत नाही. पण तिथं वाचून कोणी पुढं आपल्या वेबसाइटवर उल्लेख करतं, म्हणून टाकत राहा.

दुकान असेल तर नकाशावरची नोंद

'माझ्याजवळ' असं शोधणाऱ्यांसाठी गुगल बिझनेस प्रोफाइल लागतं. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन्हींसाठी वर्ग नेमका निवडा, नाव पाटीवर आहे तेवढंच द्या, त्यात 'सांगली बेस्ट बेदाणा होलसेल' असं शेपूट जोडू नका. पत्ता आणि फोन वेबसाइटवर, प्रोफाइलवर आणि इतर याद्यांत एकसारखा ठेवा. वेळा खऱ्या ठेवा. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढून दुकान बंद ठेवावं लागलं तर तेही टाका, लांबून येणाऱ्याचा हेलपाटा वाचतो. अभिप्राय मागा, पण त्याबदली सूट किंवा भेट देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्या, तेही लोक वाचतात.

वेग

थोडक्यात: पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उड्या मारू नये. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट तपासून देतं. आपल्याकडच्या वेबसाइट बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून काढलेले अवजड फोटो तसेच चढवल्यामुळं मंद असतात. फोटो लहान करून वेबपी या कमी वजनाच्या प्रकारात टाका, निम्मं दुखणं जातं. मजकूर कमजोर असेल तर नुसत्या वेगानं कोणी वर येत नाही.

मोजमाप आणि हंगाम

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल उघडा. त्यात सोळा महिन्यांची माहिती असते, म्हणजे या दिवाळीची मागच्या दिवाळीशी तुलना करता येते. सरासरी क्रम आठ ते वीसच्या मध्ये असलेले शब्द शोधा. अशा शब्दांवर तुमचं पान दारापर्यंत आलेलं असतं. त्या शब्दांचं उत्तर पानावर खरंच आहे का ते बघा, नसेल तर लिहा, शीर्षक सुधारा, दुसऱ्या पानांवरून लिंक द्या. दिसतंय खूप पण क्लिक नाहीत, असं असेल तर बहुधा शीर्षक आणि वर्णन लोकांना पटत नाही.

फळ दिसायला साधारण चार महिने ते वर्ष धरा. पहिला नंबर हमखास देतो असं कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगलच सांगतं. आता निकालांच्या वर एआयनं तयार केलेलं उत्तरही येतं. त्यासाठी वेगळी युक्ती नाही. नोंदलं गेलेलं, स्पष्ट उत्तर देणारं पान एवढंच लागतं.

आणि हंगाम विसरू नका. नवा बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, पण घाऊक गिऱ्हाईक दिवाळीच्या मालाची चौकशी गणपतीच्या आधीपासून करतं. म्हणजे दिवाळीसाठीचं पान जूनमध्ये तयार पाहिजे. दरवर्षी नवं पान काढू नका. पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका, पत्ता तोच ठेवा, म्हणजे मागच्या वर्षी मिळालेल्या लिंक तिथंच राहतील. भाव बदलला की त्याच पानावर तारखेसह लिहा. त्या व्यापाऱ्यांनी आता सोमवार ठरवून टाकलाय: सकाळी गोदाम उघडायच्या आधी वहीतला एक नवा प्रश्न घेतात, दहा ओळींचं उत्तर लिहितात आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. या सोमवारचा प्रश्न होता, "बेदाण्यावर पांढरी पावडर दिसते ती साखर की बुरशी?"